कासं हिरवं नसतं

ऐतिहासिक किंवा पौराणिक चित्रपटाच्या कलाविभागात काम सुरू होतं ते रेफरन्सच्या फोल्डरपासून. पटकथेचे खर्डे अजून बदलत असतात, पण फोल्डर भरत जातो: कॅटलॉगमधली पानं, प्रदर्शनांचे फोटो, कुठून कुठून उतरवलेल्या प्रतिमा. विषय प्राचीन चीनचा असेल तर या फोल्डरचा रंग ठरलेलाच असतो. काळ्या पार्श्वभूमीवर वरून एकच दिवा पडलेला, शेवाळी-निळसर हिरवा धातू. मग प्रॉप फायबरचा बनतो, पेंटर त्यावर हिरवा मारतो, खाचांत काळा भरतो, उंचवट्यांवर कोरड्या ब्रशने तांबूस झाक देतो आणि सगळे म्हणतात, अगदी खरं वाटतंय. वाटतंही, पण संग्रहालयातल्यासारखं खरं. तीन हजार वर्षं मातीत पडून चढलेला कळंक आपण त्या वस्तूचा रंग समजून बसलेलो असतो. कथा घडते तेव्हा ती वस्तू नवी होती, कुणाच्या तरी हातात होती आणि तिचा रंग चिंचेने लख्ख घासलेल्या काश्याच्या वाटीसारखा होता. कासं म्हणजे तांबं आणि कथील. कथील वाढत जाईल तसा तांब्याचा लालसरपणा जाऊन सोनेरी आणि पुढे रुपेरीकडे झुकणारी झाक येते. शांग राजांच्या दरबारात एखाद्या मेजवानीला मांडलेली पात्रं मशालींच्या उजेडात झळाळत असणार, यात शंका घेण्यासारखं काही नाही.

एवढ्या रंगाच्या गोष्टीवरून मला जो मुद्दा मांडायचा आहे तो रंगापुरता नाही. प्राचीन वस्तूंवरून प्रेरणा घेणं म्हणजे आमच्या धंद्यात बहुतेक वेळा नक्षी उचलणं असतं. नक्षी सर्वांत आधी दिसते, फोटोत नीट येते आणि कशावरही चिकटवता येते: खांबावर, चिलखतावर, पोस्टरवर. पण वस्तू कशी बनवली, तिचं काय करत असत आणि ती कुठे, कोणत्या अवस्थेत सापडली, हे तीन प्रश्न आधी विचारले तर नक्षी आपोआप आपल्या जागी बसते, आणि चित्रपटाला अद्भुत वाटेल असं जे लागतं तेही नक्षीपेक्षा या उत्तरांतूनच जास्त मिळतं. ऐतिहासिक फँटसीला तर हे अधिकच लागू आहे. राक्षस, देव, बोलणारे पशू सगळे काल्पनिकच असल्यामुळे प्रेक्षकाला पाय टेकवायला जमीन देण्याचं काम वस्तूंवरच येतं.

उदाहरण म्हणून वूअरशान या दिग्दर्शकाचा 'क्रिएशन ऑफ द गॉड्स' घेऊ. पहिला भाग जुलै २०२३ मध्ये आला, दुसरा जानेवारी २०२५ मध्ये. (गंमत अशी की त्याच दिवशी 'नेझा २' हा ॲनिमेशनपटही लागला आणि दोन्हींचं मूळ एकच कादंबरी.) ती कादंबरी म्हणजे 'फेंगशेन यानयी', सोळाव्या शतकातली, शंभर प्रकरणांची. शांग घराण्याचा शेवटचा राजा दी शिन, कोल्हीण संचारलेली त्याची राणी दाजी, पश्चिमेकडचे झोऊ सरदार, त्यांचा म्हातारा सल्लागार च्यांग झ्या आणि दोन्ही बाजूंनी उतरलेले सिद्ध-देव अशी ती गोष्ट. कथेच्या बुडाशी एक खरी घटना आहे: झोऊंनी शांगांचा पराभव केला आणि राज्य बदललं. चिनी अभ्यासकांच्या मोठ्या कालगणना प्रकल्पाने त्यासाठी इ.स.पू. १०४६ हे वर्ष धरलं आहे. कलादिग्दर्शकाचं नशीब असं की त्या काळाची राजधानी आज हनान प्रांतातल्या आनयांगजवळ उघडी पडली आहे, आणि तिथे १९७६ मध्ये फू हाओ या राणीची एकही चोर न शिरलेली कबर सापडली. ती राणी दी शिनच्या सुमारे दीडशे वर्षं आधीची, वू डिंग राजाची. कबर फार मोठी नाही, पण तिच्यात ४६८ कांस्यवस्तू आणि ७५५ जेडच्या वस्तू होत्या. भविष्य विचारण्यासाठी वापरलेल्या हाडांवर या बाईचं नाव कोरलेलं आहे आणि तिने १३ हजारांची फौज नेल्याची नोंद आहे. एवढा पुरावा हाती असताना फोल्डर हिरव्या फोटोंनी भरून थांबणं हा निव्वळ आळस आहे.

रंगाबद्दलचा आक्षेप मला पाठ आहे, कारण तो प्रत्येक सेटवर येतो. प्रेक्षकाला कांस्य म्हटलं की हिरवंच आठवतं. सोनेरी भांडं दाखवलं तर त्याला ते पितळेचं, फार तर नव्या देवळातलं वाटेल. शिवाय कॅमेरामनला चकाकणारा पृष्ठभाग आवडत नाही, त्यात दिवे दिसतात, माणसं दिसतात, फ्रेम साफ करायला वेळ जातो. दुसरी अडचण खरी आहे. ती मॅट लाखेने, दिव्याची जागा बदलून, नाइलाज झाला तर नंतर संगणकावर सोडवता येते. पहिली मात्र अडचण म्हणून मांडली जाते, आणि ती खरी तर सवय असते. शिआनच्या मातीच्या सैनिकांचंही असंच झालं. ते मुळात लाल, जांभळ्या, हिरव्या रंगात रंगवलेले होते, पण उकरल्यावर हवा लागताच रंगाचे पापुद्रे सुटले आणि जगाच्या डोळ्यांत करडा रंग बसला. प्रेक्षकाची सवय चित्रपटांनीच घडवलेली असते आणि चित्रपटांनाच ती मोडता येते. हिरव्यालाही जागा आहेच: जिथे काळ लोटल्याचं सांगायचं आहे तिथे. एकाच चित्रपटात जिवंत दरबार सोनेरी आणि विसरलेलं देऊळ हिरवं ठेवलं तर प्रेक्षकाला कुणी न सांगता काळातलं अंतर कळतं. सगळंच हिरवं केलं की ही सोय आपण आपल्याच हाताने घालवतो.

आता घडणीकडे येतो. कलाविभागाला या वस्तूंकडून सर्वांत जास्त घेण्यासारखं काही असेल तर ते इथे आहे, म्हणून जरा थांबतो. आपल्याकडे धातूची मूर्ती म्हटली की मेणाची पद्धत. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकातल्या ग्रंथात ती वर्णिली आहे: मेणाची मूर्ती, वर मातीचे लेप, मेण वितळवून काढायचं, पोकळीत धातू ओतायचा. मेण बोटांच्या कलाने वाहतं, म्हणून आपल्या मूर्तींत लय आहे, बाक आहे. शांग काळातल्या ओतकाऱ्यांनी भांड्यांसाठी वेगळीच वाट धरली. आधी भांड्याचा मातीचा नमुना, त्याच्यावर ओल्या मातीचा जाड थर दाबून बसवायचा, तो थोडा वाळला की उभ्या रेषांत कापून तुकडे सोडवायचे, भाजायचे आणि आतल्या गाभ्याभोवती पुन्हा जुळवायचे. गाभा आणि तुकडे यांच्यात जी फट राहील तितकी भांड्याची जाडी. फट सारखी राहावी म्हणून मध्ये कांस्याच्याच छोट्या चकत्या ठेवत. या रीतीने त्यांनी ८३२.८४ किलो वजनाचं चौकोनी डिंग, म्हणजे पायांचं भांडं, ओतलं. ते १९३९ मध्ये आनयांगजवळ सापडलं आणि आज बीजिंगच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. एवढा धातू एका दमात ओतायचा म्हणजे भट्ट्या किती, माणसं किती, माती चाळणारे आणि कोळसा आणणारे किती, याचा अंदाज करत बसलं तरी एक अख्खा प्रसंग डोळ्यांपुढे उभा राहतो.

तुकड्यांच्या साच्याची कटकट एकच: जोड. जोडाच्या फटीत धातू झिरपतो आणि थंड झाल्यावर भांड्यावर उभा पापुद्रा राहतो. आमच्या फायबरच्या कामातही साचा दोन-तीन तुकड्यांचाच असतो, जोडावर नेमका तसाच पापुद्रा येतो, आणि मोल्डर ग्राइंडर फिरवून, पुट्टी भरून तो नाहीसा करतो. जोड दिसला की काम कच्चं, हा आमचा नियम. शांग कारागिरांनी उलटं केलं. जिथे जोड येणार तिथेच त्यांनी दातेरी उभे कणे काढले, इतके ठसठशीत की तेच त्या भांड्यांचं सौंदर्य होऊन बसलं. अनेकदा त्या कण्यालाच चेहऱ्याचं नाक केलेलं असतं आणि दोन्ही अंगांना डोळे. म्हणजे भांड्याची चौकट, त्याचे तीन-चार उभे भाग, दोन्ही बाजूंची काटेकोर समरूपता हे सगळं साच्यातून आलेलं आहे. हे ध्यानात घेतलं की सेट काढण्याची पद्धतच बदलते. सिंहासनाच्या पाठीवर, दाराच्या फळीवर, सेनापतीच्या शिरस्त्राणावर नक्षी कुठून कुठे जाईल हे आवडीवर सोडावं लागत नाही. आधी जोड कुठे हे ठरवायचं, तिथे कणा उभा करायचा, नक्षी त्या दोन कण्यांच्या मध्ये. हा एक नियम पाळला तर ज्या वस्तूला इतिहासात कुठेच आधार नाही, म्हणजे जादूचा आरसा किंवा देवांची नावं लिहिण्याची गुंडाळी, तीसुद्धा त्याच कारखान्यातून आल्यासारखी दिसते. नियम न पाळता नक्षी कितीही हुबेहूब उतरवली तरी ती वॉलपेपरच राहते, आणि पडद्यावर तो फरक जाणवतो, भले प्रेक्षकाला त्याचं कारण सांगता येणार नाही.

त्या नक्षीतल्या चेहऱ्याला ताओत्ये म्हणतात, आणि फँटसीवाल्यांचा जीव याच्यातच अडकलेला असतो. ताओत्ये म्हणजे खादाड राक्षस, डोकं आहे पण धड नाही, अशी समजूत इ.स.पू. तिसऱ्या शतकातल्या एका ग्रंथात येते. म्हणजे ज्या भांड्यांवर हा चेहरा आहे ती ओतून हजारभर वर्षं झाल्यावर. शांग लोक त्याला काय समजत होते ते त्यांनी कुठे लिहून ठेवलेलं नाही. अभ्यासकांत यावर दोन तट आहेत. मॅक्स लोअर यांनी १९५३ मध्ये या नक्षीच्या टप्प्यांची मांडणी केली आणि असं दाखवलं की बारीक रेषांच्या अमूर्त पट्ट्यातून आधी डोळे आले, मग चेहरा, आणि सर्वांत शेवटी उठावदार पशू. त्यावरून त्यांनी निष्कर्ष काढला की ही निव्वळ रचना आहे, तिच्यात कोणती कथा शोधू नये. उलट के. सी. चांग यांचं म्हणणं असं की हे पशू माणसं आणि पूर्वज यांच्यामधले दूत आहेत, ओझा ज्यांच्या मदतीने वर जातो ते. मला लोअर यांची बाजू पुराव्याच्या अंगाने भक्कम वाटते आणि चांग यांची सिनेमाच्या अंगाने मोहक. पण पडद्यासाठी खरी कामाची गोष्ट दोघांच्याही मतापलीकडे, समोरच दिसते. चेहरा समोरून पाहिला तर एक मुखवटा. मधल्या कण्यावर हात ठेवून अर्धा झाकला तर एका अंगाने उभा असलेला, शेपटी वळवलेला एक ड्रॅगन. दोन्ही एकाच वेळी खरे. कॅमेरा भांड्याभोवती फिरला की मुखवट्याचा पशू होतो आणि पशूचा मुखवटा. त्यासाठी एकही फ्रेम संगणकावर करावी लागत नाही.

झांग यीमोउ यांच्या २०१६ च्या 'द ग्रेट वॉल' मध्ये उलट वाट धरली. तिथे ताओत्ये म्हणजे दर साठ वर्षांनी भिंतीवर चालून येणारी हजारोंची झुंड आणि त्यांच्या कपाळावर कांस्यावरची नक्षी. खादाडपणाचं जुनं वर्णन घेतलं, नक्षी घेतली, आणि ज्यामुळे तो चेहरा अस्वस्थ करतो ते मात्र राहून गेलं. तो दिसतो-न-दिसतोसा असतो, भांड्याच्या अंगातच मुरलेला असतो, म्हणून भीती वाटते. बाहेर काढून पळवला की तो इतर शंभर चित्रपटांतल्या प्राण्यांसारखाच एक प्राणी. याच्यापेक्षा 'नेझा' मालिकेतली ती दोन गबाळी पहारेकरी-भुतं मला अधिक पटतात. सिचुआनमधल्या सानशिंगडुईचे कांस्य चेहरे आणि तिथल्या सोन्याच्या पत्र्याचे मुखवटे त्यांच्यात उघड दिसतात. दिग्दर्शक च्याओझी स्वतः सिचुआनचे. भूमिका छोटी, सूर विनोदी, पण मुखवटा म्हणजे तोंडावर बसवलेली वस्तू हे त्या रचनेत कुठेही विसरलेलं नाही.

घडणीनंतर वापर. डिंग म्हणजे मांस शिजवायचं पायांचं भांडं. ज्यूए म्हणजे तीन पायांचं, लांब चोचीचं मद्यपात्र. गू म्हणजे कर्ण्यासारखा उंच पेला. ग्वे म्हणजे शिजवलेल्या धान्याचं कानवालं भांडं. ही सगळी पूर्वजांना जेवू घालण्याची भांडी होती. मेलेले राजे भुकेले राहिले तर पीक जातं, दात दुखतो, लढाई हरते, अशी त्या हाडांवरच्या प्रश्नांतून दिसणारी श्रद्धा. फू हाओच्या कबरीत गू आणि ज्यूए या दोनच प्रकारांची संख्या नव्वदच्या आसपास आहे, म्हणजे मद्याचा भार किती होता बघा. आता दुसरी बाजू. दी शिनने मद्याचं तळं आणि मांसाचं रान केलं ही कथा नंतरच्या इतिहासकारांनी लिहिली, आणि कादंबरीने, चित्रपटाने ती उचलली. पण तिचं बीज जेत्यांच्या भांड्यांवरच सापडतं. पश्चिम झोऊ काळातल्या दा यू डिंगवर कोरलेल्या लेखात असा आरोप आहे की शांगांचे अधिकारी दारूत बुडाले आणि म्हणून राज्य गेलं. पुढे झोऊंच्या काळात मद्याची पात्रं हळूहळू मागे पडली आणि डिंग-ग्वे यांचे संच प्रतिष्ठेचे झाले. त्याहून नामी पुरावा म्हणजे लिंथोंगजवळ १९७६ मध्ये सापडलेलं ली ग्वे. झोऊंच्या राजा वूने शांगांना हरवलं, तो दिवस पंचांगातला ज्याझी होता आणि वेळ सकाळची होती, हे त्याच्या तळाशी तीसेक अक्षरांत कोरलं आहे. ते बनवून घेतलं लढाईनंतर आठवड्याभरात कांस्य बक्षीस मिळालेल्या एका अधिकाऱ्याने. आणि ही बातमी लिहिली आहे ती धान्याच्या भांड्यात.

एखाद्या कलादिग्दर्शकाला याहून जास्त काय हवं? राजधानीतल्या प्रत्येक दृश्यात मद्यपात्रं, उंच, निमुळती, पाय फाकलेली. पश्चिमेकडच्या झोऊंच्या घरात गोल, बुटकी, धान्याने भरलेली ग्वे. दोन घराण्यांमधलं वैर, एकाची धुंदी आणि दुसऱ्याची शेती, संवादातलं अक्षरही न वापरता मांडता येतं. त्यातला अन्यायही मांडता येतो, कारण दारूची गोष्ट जिंकणाऱ्यांनी सांगितलेली आहे. नक्षी पाहणाऱ्याला यातलं काही मिळत नाही. त्याच्या दृष्टीने दोन्ही भांडी हिरवी आणि दोन्हींवर ताओत्ये.

वापराचा विचार करताना एक अवघड गोष्ट टाळता येत नाही, आणि हा आक्षेप मी सर्वांत गंभीर मानतो. या वस्तू सुंदर आहेत, पण त्या ज्या विधींसाठी होत्या त्यांत माणसं मारली जात. फू हाओच्या कबरीत तिच्याबरोबर सोळा माणसं होती. तिच्या मोठ्या परशूवर दोन वाघांच्या जबड्यांत माणसाचं डोकं आहे. आनयांगला वाफेवर अन्न उकडण्याच्या कांस्यपात्रात माणसाची कवटी मिळालेली आहे. अशा वस्तूंना डोळे दिपवणाऱ्या फ्रेममध्ये बसवणं म्हणजे क्रौर्याला सजवणं नाही का? मला वाटतं, नक्षीपुरतं बघितलं तर तसंच होतं. वापर दाखवला तर होत नाही. कादंबरीत दी शिन झोऊ सरदाराच्या थोरल्या मुलाला, बो यीकाओला, मारून त्याच्या मांसाच्या वड्या बापाला खायला घालतो. चित्रपटातही तो प्रसंग आहे. प्रेक्षक त्याला खलनायकाची अतिशयोक्ती समजतो. त्या उकडपात्रातली कवटी माहीत असलेल्या माणसाला तो प्रसंग नुसती अतिशयोक्ती वाटत नाही. आणि तिथेच कादंबरी आणि चित्रपट दोघेही एक सोपी पळवाट काढतात हेही कळतं: सगळं पाप एका राजाच्या आणि एका कोल्हिणीच्या माथी. हाडांवरच्या नोंदी सांगतात की माणसांचे बळी ही रीतच होती, 'चांगल्या' वू डिंगच्या काळात ती जोरात होती, आणि शेवटच्या राजांच्या काळात उलट कमी झालेली दिसते. यावर उभा राहिलेला दी शिन हा राक्षसापेक्षा फार गुंतागुंतीचा माणूस ठरला असता: आजोबा-पणजोबांनी जे केलं त्याच्यासाठी दोषी ठरलेला.

"पण ही फँटसी आहे, डॉक्युमेंटरी नाही," हे वाक्य निर्मात्याच्या तोंडून हमखास येतं. खरं आहे. कुणीही शांग काळाची हुबेहूब प्रतिकृती मागत नाही. प्रश्न इतकाच की आपण जे सोडतो ते जाणून सोडतो का. चित्रपटात राजपुत्र आणि ओलीस ठेवलेली सरदारांची मुलं घोड्यांवर स्वार होऊन लढतात, आणि ती दृश्यं जोरकस आहेत. शांगांकडे घोडा होता, पण तो रथाला जुंपलेला. आरेवाली चाकं तिथे इ.स.पू. १२०० च्या आसपास उत्तरेच्या गवताळ प्रदेशातून आली. चीनमध्ये घोडेस्वारांच्या फौजेची नोंद येते ती झाओच्या राजा वूलिंगपासून, इ.स.पू. ३०७ मध्ये. सातशेहून अधिक वर्षांचा फरक. स्वारी सोपी, वेगवान, तरुण नटांना शोभणारी, म्हणून ती घेतली हे मी समजू शकतो. पण जे गेलं तेही मोजायला हवं. रथात सारथी आणि धनुर्धारी असतात, दोघांनी एकमेकांवर भरवसा ठेवल्याशिवाय बाण लागत नाही, आणि ज्या कथेचा गाभाच बाप-मुलगा, मित्र-मित्र यांच्या निष्ठेचा आहे तिला रथ किती उपयोगी पडला असता! महाभारत ऐकत वाढलेल्या आपल्या प्रेक्षकाला तर हे सांगायलाच नको.

बसण्याचंही तसंच. खुर्चीवर बसण्याची रीत चीनमध्ये थांग-सोंग काळात रुळली. शांग माणूस चटईवर गुडघे टेकून, टाचांवर बसत असे. फू हाओच्या कबरीतली जेडची एक बैठी मूर्ती सात सेंटीमीटरची आहे, पण तिच्याकडे भिंग घेऊन पाहिलं तर अख्खा पोशाखविभाग तिच्यातून बाहेर येतो: घट्ट बाह्यांचा लांब अंगरखा, त्यावर वळसे घेणारी नक्षी, कमरेला रुंद पट्टा, पुढे लोंबणारा पडदा, कपाळावरून गेलेली पट्टी आणि तिच्या पुढच्या बाजूला आडवी नळकांडी, पाठीमागे कमरेशी काहीतरी रुंद मुठीसारखं. हात गुडघ्यांवर. माणूस असा बसला की त्याच्या डोळ्यांची पातळी खाली येते, मग भांडी जमिनीवर उंच दिसू लागतात, आणि कॅमेराही खाली आणावा लागतो. ज्यूएचे पाय लांब का, हे खुर्चीवर बसून कळत नाही.

आणखी एक आक्षेप अभ्यासू लोकांकडून येतो: कादंबरीच सोळाव्या शतकातली, तिच्या देवदेवतांची रूपं देवळांतल्या भित्तिचित्रांतून, नाटकांतून, छापील चित्रांतून आलेली. शांग कांस्याचा आग्रह धरणं हा उगाच शहाणपणा. यात तथ्य आहे. ही कथा म्हणजे थरावर थर आहे, आणि काही थर तर भारतातून गेलेले. नेझा हा मुळात आपला नलकूबर, कुबेराचा मुलगा, यमलार्जुनाच्या कथेतला. बौद्ध ग्रंथांतून तो चीनला पोचला, आणि त्याचा बापही वैश्रवणाचं रूप होऊन हातात स्तूप धरून उभा राहिला. अशा कथेत शुद्धतेचा हट्ट हास्यास्पदच. पण थर असणं वेगळं आणि गिचमीड वेगळी. 'क्रिएशन ऑफ द गॉड्स' मध्ये हे बऱ्यापैकी सांभाळलं आहे: माणसांच्या राज्याला शांग-झोऊ कांस्याचा आधार, सिद्धांच्या कुनलुनला नंतरच्या चित्रकलेचा, आणि भुताखेतांना लोककलेचा रंग. प्रत्येक जगाला आपला काळ. मला हे धोरण मान्य आहे.

मला खटकतं ते सानशिंगडुईचं. १९८६ मध्ये दोन खड्डे सापडले, पुढे २०१९ नंतर आणखी सहा. जवळजवळ चार मीटरचा कांस्यवृक्ष, पायथ्यासकट २.६२ मीटरचा उभा पुरुष, डोळे नळ्यांसारखे बाहेर आलेले मुखवटे. हे लोक आनयांगच्या लोकांहून वेगळे होते, त्यांचा काही लेख मिळालेला नाही, आणि त्यांच्या वस्तू 'विचित्र' या एका कारणासाठी कुठल्याही फँटसीत टाकल्या जातात. तिथेही अवस्थेचा प्रश्न विचारला तर गोष्ट निराळी होते. त्या वस्तू पुरण्याआधी फोडलेल्या, जाळलेल्या आहेत. मुखवट्यांच्या भुवयांवर काळ्या आणि ओठांवर लाल रंगाच्या खुणा राहिल्या आहेत. त्या उभ्या पुरुषाच्या हातांची मोठाली वर्तुळं रिकामी आहेत. त्यांत जे होतं ते गेलं. आपल्याच देवांना कुणीतरी रंगवलं, मग तोडलं, जाळलं, ओळीने पुरलं. का, याचं उत्तर चित्रपट देऊ शकतो, तेच त्याचं काम. परग्रहावरचे लोक आणून तो प्रश्न सोडवणं म्हणजे सोडवणं टाळणं.

शेवटी पैशांचा मुद्दा, कारण बैठकीत सगळे मुद्दे तिथेच येऊन थांबतात. सोनेरी रंग हिरव्याहून महाग नाही. जोडावर कणा ठेवला तर घासाई-पुट्टीचे मजुरीचे तास उलट वाचतात. माणसं चटईवर बसली की खुर्च्या-मेजांचं सुतारकाम वाचतं. भांड्यांचे साचे दोन घराण्यांसाठी वेगळे करावे लागतात, तो खर्च वाढतो, पण एकाच साच्यातून पन्नास ग्वे निघतात. खरा खर्च दोनच ठिकाणी आहे. एक रथ: चाकं, घोडे, सारथ्यांचं शिक्षण, विमा. आणि दुसरं कोरीव लाकूड. आनयांगच्या राजकबरींत १९३४-३५ मध्ये उत्खनन झालं तेव्हा कुजून गेलेल्या लाकडाचे ठसे मातीत मिळाले होते, कोरीव नक्षी आणि लाल रंगासकट. म्हणजे कांस्यावर जे दिसतं ते तेव्हाच्या खांबांवर, पेट्यांवर, पालख्यांवरही असणार. फायबरवर ते जमत नाही, पटाशीचा घाव जवळच्या शॉटमध्ये ओळखू येतो. 'क्रिएशन ऑफ द गॉड्स' ने राजवाड्यासाठी लाकूड कोरून घेतलं. रथांसाठी मात्र त्यांनी हात आखडता घेतला. माझ्या हातात तेच बजेट असतं तर मी देवांच्या उडत्या लढायांमधली एखादी कमी करून रथ घेतले असते.